वऱ्हाडची हवा आणि मोटारसायकलचा कार्बोरेटर

वसंत व्याख्यानमालेत गाविलगडच्या वेढ्यावर व्याख्यान झाले, तर कोणाला नवल वाटत नाही. १८०३ च्या डिसेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा सातपुड्याच्या डोंगरातून ओढून गडाच्या उत्तरेस कशा नेल्या, ही कथा अमरावती-अचलपूरकडील श्रोत्यांनी अनेकदा ऐकलेली असते. त्याच डोंगरावर पुढे दीडशे वर्षांनी मोटारसायकली चढू लागल्या. चढता चढता त्यांच्या नळकांड्यांतून काळसर धूर निघू लागला, इंजिनांचा दम तुटू लागला आणि परतवाड्याच्या व अमरावतीच्या मिस्त्र्यांपुढे एक नवाच प्रश्न येऊन पडला. तोफांचा इतिहास लिहिला गेला. या प्रश्नाचा कोणी लिहिला नाही. आज तोच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय नुसता गतकाळाचा असता, तर तो सांगण्याची घाई नव्हती. परंतु १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पंपावरच्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण त्यानंतर वाढत वाढत २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवण्याची विद्या जाणणारी माणसे कमी होत गेली, आणि नेमक्या त्याच वेळी जुन्या गाड्यांना त्या विद्येची गरज वाढली. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत अद्याप कितीतरी जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत हौसेने नव्हे तर कामासाठी फिरतात. शेतावर जाणाऱ्या माणसाला ‘गाडी बदला’ असा सल्ला देणे सोपे असते. पैसे त्याला द्यावे लागतात.

यंत्राच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे, त्यांना कार्बोरेटर अर्धा समजलेलाच आहे. स्टोव्हच्या तोटीत कचरा अडकला की आपण पिन मारीत होतो. ज्योत पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे पडू लागले, की हवा कमी पडते असे घरातील आजी न बघता सांगत असे. मोटारसायकलच्या इंजिनात हाच प्रकार बंद दाराआड चालतो. ज्योत डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि सगळी विद्या त्या फरकातून निघालेली आहे.

वजनाने पाहिले, तर एक भाग शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पण हवा वजनावर विकली जात नसल्याने हा आकडा ध्यानी भरत नाही. तेव्हा तो दुसऱ्या रीतीने मांडू. डिसेंबरातल्या पहाटे अमरावतीत पारा दहा अंशांच्या आसपास असताना एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतली सारी हवा तीन लिटर पेट्रोलला कशीबशी पुरते. आता तीच गाडी मे महिन्यातील दुपारी अकोल्यास घेऊन चला. पारा पंचेचाळीसवर असतो. हवा तापून विरळ होते, आणि त्याच एका लिटरला दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागू लागते. इंजिनाचे सिलिंडर मात्र तेवढेच राहते. ते मोठे होत नाही. वऱ्हाडच्या मिस्त्र्याची अडचण या एका हिशेबात सामावलेली आहे.

जिथे ही यंत्रे जन्मास आली, तिथे असली उन्हे नव्हती. १८८५ साली जर्मनीत कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची पहिली पेट्रोल-दुचाकी बनवली. तिच्यात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेत आणि जाता जाता ती जेवढी वाफ उचलील तेवढ्यावर काम भागवीत. या पद्धतीत एक मोठी खोट होती. पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नव्हे. त्यातले हलके अंश आधी उडून जातात आणि जड अंश तळाशी उरतात. त्यामुळे टाकी भरलेली असताना गाडी एका तऱ्हेने चाले आणि टाकी उतरल्यावर निराळ्याच तऱ्हेने. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने पेट्रोलमध्ये वाती सोडून त्यांवरून हवा नेण्याची तोड काढली. समईच्या वातीप्रमाणे त्या पेट्रोल वर ओढीत. वातीचा हा उपयोग ऐकून कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखास बरे वाटावे.

खरा मार्ग १८९३ साली सापडला. बुडापेस्टचे डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच वर्षी मायबाखने, पेट्रोल बारीक तोटीतून हवेच्या झोतात फवारण्याची युक्ती काढली. बांकी-चोंका यांना रस्त्यावरील फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून ती सुचली, अशी दंतकथा हंगेरीत सांगतात. दंतकथा गोड आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला नियम त्याआधी दीडशे वर्षे लोकांना ठाऊक होता. अरुंद जागेतून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे डॅनियल बर्नुली याने १७३८ सालीच मांडले होते. कार्बोरेटरच्या घशाशी हवा अशीच आक्रसते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल तोटीवाटे आपोआप वर ओढले जाते. वाटीतली पातळी सारखी राखण्यास एक तरंगता गोळा असतो. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तो हाच.

या यंत्रात एक मेख आहे. हवा विरळ झाली म्हणून पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी ओढले जात नाही. हवेची घनता दहा टक्क्यांनी उतरली, तर हवेचे वजन दहा टक्के घटते, पण पेट्रोल पाच टक्केच घटते. अर्थात मिश्रणात पेट्रोल सुमारे पाच टक्क्यांनी जास्त होते. इंजिनाला पाच टक्के म्हणजे काही प्राणसंकट नव्हे. परंतु आधीच दाट बेतलेल्या मिश्रणात ही भर पडली, की प्लगवर काजळी धरू लागते आणि किक मारणाऱ्याची पोटरी दुखू लागते.

प्रारंभीच्या मोटारसायकलींवर या कटकटीचा भार स्वारावरच होता. हँडलवर दोन तरफा असत, एक मिश्रणाची आणि दुसरी हवेची. स्वार चालता चालता कान देऊन हवा कमी-जास्त करी. टांगेवाल्याने लगाम सैल-आवळ करावा तसे ते काम होते. पुढे घशात सरकणारी स्लाइड आणि तिच्या पोटातून लोंबणारी निमुळती सुई अशी रचना आली. मूठ पिळली की स्लाइड वर जाते, सुईही वर जाते, आणि हवा नि पेट्रोल दोन्ही बरोबरीने वाढतात. तीन ब्रिटिश कारखाने एकत्र येऊन १९२७ साली बर्मिंगहॅमला अमाल कंपनी निघाली आणि ही रचना साऱ्या ब्रिटिश गाड्यांवर पसरली. हँडलवरची हवेची छोटी तरफ मात्र बऱ्याच गाड्यांवर पुढेही राहिली. तिच्याकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मिश्रणाच्या इतिहासात एक विलक्षण प्रकरण घडले. देशभर पुष्कळ मोटारबसांच्या पाठीशी लोखंडी भट्ट्या बसल्या आणि गाड्या लोणारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. तिथे हवेचे प्रमाण चौदा-पंधरास एक नव्हे, तर जवळजवळ एकास एक. गाडी सुरू करण्याआधी भट्टी पेटवून वारा घालीत बसावे लागे आणि चढावर उतारूंना उतरावे लागे. युद्ध संपताच भट्ट्या भंगारात गेल्या. पण जळणे म्हणजे मोजून हवा देणे, हा धडा ज्यांनी त्या भट्टीपाशी घेतला, त्यांना पुढे पेट्रोलचा कार्बोरेटर पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही.

युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या गाड्या देशातल्या बाजारात आल्या. सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट येथे जोडली जाऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आली, तीच १९७३ पासून येझदी झाली. आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्‌सची राजदूत. बुलेट फौजदाराची आणि बागाइतदाराची, राजदूत दूधवाल्याची आणि ग्रामसेवकाची, जावा-येझदी कॉलेजात जाणाऱ्यांची, अशी काहीशी वर्णव्यवस्थाच त्या काळी रूढ झाली.

गाड्या कारखान्यातून आल्या, पण त्यांना जुळवून घेणारे मिस्त्री कुठून आले? आमचा तर्क असा की, या विद्येचे मूळ कापसात आहे. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि तिच्या मागोमाग अकोला, खामगाव, अमरावती येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. तिथे आधी वाफेची इंजिने होती, पुढे तेलाची आली. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार ओळखणारा एक वर्ग त्या कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसला. त्यांची मुले-भाचे जेव्हा रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसले, तेव्हा त्यांच्याजवळ पुस्तके नव्हती. पण कान होते. १९६४ साली अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, परंतु त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि या शेडमधला मिस्त्री यांची गाठ पडावी तशी पडली नाही. एकाजवळ समीकरण राहिले आणि दुसऱ्याजवळ पेचकस.

मिस्त्र्याची परिभाषा स्वतंत्र आहे. पुस्तकातले दाट मिश्रण त्याच्या तोंडी ‘गाडी पेट्रोल जास्त पेऊन रायली’ असे होते, आणि विरळ मिश्रण ‘हवा खाऊन रायली’ असे. कार्बोरेटरचे ‘कार्बेटर’ होते. या दोन वाक्यांत निदान पुरे झालेले असते. पेट्रोल जास्त असलेली गाडी थंडीत चटकन सुरू होते, पण तापल्यावर धापा टाकते. प्लग काढावा तर त्यावर मखमलीसारखी काळी काजळी. हवा जास्त असलेली गाडी मूठ पिळताच अडखळते, कार्बोरेटरातून शिंकल्यासारखा आवाज करते, आणि मूठ सोडल्यावर नळकांड्यातून फटाके निघतात. तिचा प्लग पांढराफटक दिसतो. दोहोंमध्ये दूध घातलेल्या चहाचा रंग प्लगच्या पोर्सेलीनवर आला, की काम जमले. यांपैकी काळा प्लग खिशाला नडतो, पांढरा प्लग इंजिनाला. पेट्रोल कमी लागते म्हणून आनंदणाऱ्या गिऱ्हाइकास हे पटवणे अवघड जाते. विरळ मिश्रणाने व्हॉल्व्ह जळाला, की मग पटते.

आता जुळवणीचा क्रम पाहू. अमाल पद्धतीच्या कार्बोरेटरात मुठीच्या चार अवस्थांवर चार निरनिराळ्या भागांचा अंमल असतो. मूठ जेमतेम उघडलेली असताना पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. अष्टमांशापासून पावपर्यंत स्लाइडच्या तोंडाचा तिरपा काप. पावपासून पाऊणपर्यंत सुई. आणि पाऊणपासून पुढे मुख्य जेट. सुईला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली आणली, की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. मुख्य जेटवर आकडा कोरलेला असतो. मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव त्यातून जाईल, याचा तो आकडा. कंपनीच्या सूचनेप्रमाणे आधी मूठ पूर्ण उघडून मुख्य जेट ठरवावा, मग पायलट, मग काप, मग सुई, आणि शेवटी पुन्हा पायलटवर हात फिरवावा.

आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालत आला. गाडी स्टँडवर उभी करायची, पायलटचा स्क्रू आत-बाहेर करीत इंजिन संथ, गोड आवाजात डुगडुगू लागले की ‘झालं’ म्हणायचे. याला मिस्त्र्याइतकेच गिऱ्हाईकही जबाबदार आहे. बुलेटवाल्याला उभ्या गाडीचा ठेका ऐकायचा असतो आणि दुकानासमोर चार माणसांना ऐकवायचा असतो. पण तो स्क्रू मुठीच्या पहिल्या अष्टमांशापलीकडे फारसा काही करीत नाही. अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूरपर्यंत जे सारे अंतर गाडी अर्ध्या मुठीवर कापते, तिथे सत्ता सुईची असते. आणि सुईची खाच बदलायला वरचे झाकण उघडावे लागते, म्हणून कोणी बदलत नाही. मुख्य जेट तपासायचा, तर मोकळ्या रस्त्यावर भर मुठीने गाडी पळवून, क्लच दाबून, इंजिन तिथल्या तिथे बंद करून प्लग पाहावा लागतो. हे राजकमल चौकात कसे करणार? जे चांगले मिस्त्री होते ते यासाठी पहाटे गाडी गावाबाहेर काढीत, आणि तेवढ्यावरून त्यांची ख्याती पसरत असे.

वऱ्हाडच्या हवेत उष्म्याखेरीज आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे धूळ. काळ्या मातीची उन्हाळ्यातील बारीक भुकटी आणि कापसाच्या हंगामात जिनांच्या आसपास उडणारे तंतू फिल्टरवर जाऊन बसतात. फिल्टर कोंदला, की हवा अडते, घशातला ताण वाढतो आणि पेट्रोल जास्त ओढले जाते. मग गाडी काळा धूर टाकते म्हणून मिस्त्री लहान जेट घालतो. पुढे कोणीतरी फिल्टर धुतो, आणि तीच गाडी आता हवा खाऊ लागते. एका चुकीने दुसरी चूक झाकण्याचा हा प्रकार सरकारी कचेऱ्यांपुरताच मर्यादित नाही, एवढेच म्हणतो.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरांच्या आतबाहेर, तर चिखलदरा अकराशे मीटरांच्या आसपास. एवढ्या उंचीवर हवेचा दाब नऊ-दहा टक्क्यांनी उतरतो. वरची हवा थंड असल्याने त्यातील दोन-तीन टक्के भरून निघतात, पण बाकीची तूट राहतेच. पायथ्याशी बरोबर असलेले मिश्रण वर जाता जाता दाट होते, आणि नेमके चढावरच इंजिनाला सर्वांत जास्त जोर लागत असतो. जाणते लोक घाट चढण्यापूर्वी परतवाड्याला थांबून सुई एक खाच उतरवीत. अजाणते लोक वर जाऊन चहा पीत बसत आणि गाडी ‘थंड झाल्यावर चालेल’ म्हणत. मेळघाटच्या हवेवर बरेच खापर फुटले आहे. त्यात हे एक.

चढणाऱ्या बुलेटपेक्षा उतरणाऱ्या येझदीची गोष्ट अधिक गंभीर. येझदी आणि राजदूत ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, लिटरला तीस-चाळीस मिलिलिटर. म्हणजे या गाड्यांत मिश्रणे दोन. एक टाकीतले आणि दुसरे कार्बोरेटरातले, आणि पहिले दुसऱ्यावर अवलंबून. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी मूठ पूर्ण मिटली, तर चाके इंजिनाला वेगाने फिरवीत राहतात, पण पेट्रोल येत नाही. आणि पेट्रोल येत नाही म्हणून तेलही येत नाही. पिस्टन कोरडा धावतो, तापतो आणि सिलिंडरला धरतो. मागचे चाक जागीच अडते. चिखलदऱ्याच्या वळणांवर तसे झाले, तर पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. म्हणून जुने स्वार उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून मूठ किंचित पिळीत. इंजिनाला घोटभर पाजीत. पाहणाऱ्याला ती ऐट वाटे.

सन २००० मध्ये या विद्येचे एक मोठे साधन हिरावले गेले. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लोकांच्या फुप्फुसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने हे फार चांगले झाले, यात शंका नाही. परंतु प्लगवरचा चहाचा रंग पुष्कळसा त्या शिशाच्या राखेचा होता. शिसे गेले, आणि बरोबर जुळलेल्या इंजिनाचा प्लगही फिकट दिसू लागला. चाळीस वर्षे ज्या रंगावर विश्वास ठेवला तोच फसवू लागल्यावर काही मिस्त्र्यांनी रंग परत यावा म्हणून पेट्रोल वाढवले. गाड्या तहानलेल्या झाल्या, आणि ‘आता जुन्यासारखं पेट्रोल राहिलं नाही’ हे वाक्य घरोघर गेले. ते वाक्य खरे होते. पण ऐकणाऱ्यास वाटे त्याहून निराळ्या अर्थाने.

त्याच सुमारास महाराष्ट्रात दुसरा बदल सुरू झाला होता. २००१ साली इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत आपल्या राज्यातील मिरज आणि मनमाड ही दोन होती. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशभर दहा टक्के, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर, असा हा प्रवास झाला. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो आणि ऊस-मका पिकवणाऱ्यास गिऱ्हाईक मिळते, ही त्याची बाजू आहे आणि ती लहान नाही. पण हिशेब दोन्ही रकान्यांचा मांडावा लागतो. इथेनॉलच्या अंगी मुळातच प्राणवायू असल्याने त्याला जळण्यास वजनाच्या नऊपट हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचे प्रमाण त्यामुळे १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जेट जुनाच राहिला, तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. नव्या गाडीच्या नळकांड्यात प्राणवायू मोजणारा संवेदक असतो. तो मेंदूला कळवतो आणि मेंदू पेट्रोल वाढवतो. जुन्या बुलेटला असा मेंदू नाही. तिचा मेंदू शेडमध्ये स्टुलावर बसलेला असतो.

इथे वऱ्हाडची हवा एक गमतीदार डाव टाकते. मे महिन्यातल्या दुपारी उष्म्याने मिश्रण तीन-चार टक्के दाट होते आणि इथेनॉलने सात-आठ टक्के विरळ. दोन्ही मिळून तूट निम्मी उरते. म्हणजे ज्या अकोल्याच्या उन्हाला आम्ही दोष देत आलो, तेच ऊन जुन्या गाडीला आता थोडे सांभाळून घेते. उलट डिसेंबरातल्या पहाटे थंड, घट्ट हवेने मिश्रण आणखी दोन-तीन टक्के विरळ होते आणि एकूण तूट दहाच्या घरात जाते. जुन्या गाडीचा हंगामच उलटला. पूर्वी उन्हाळ्यात अडणारी गाडी आता हिवाळ्यात शिंकू लागली, आणि हे ज्याने ओळखले नाही तो मिस्त्री अजून जुन्या सवयीने मिश्रण विरळ करीत बसतो. हे अनेक गाड्यांच्या जिवावर बेतत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पावसाळ्याचा त्रास निराळाच. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी महिना-दोन महिने गोठ्यात उभी राहिली, तर ते पाणी तळाशी साठते आणि जस्तमिश्र धातूच्या कार्बोरेटरात पांढरी भुकटी धरते. जुने रबरी वॉशर फुगतात ते वेगळेच.

कायद्याची मदत मर्यादित आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली; पण ती रोज कामावर जाण्यासाठी नव्हे. १९८५ ची येझदी या व्याख्येत बसत नाही आणि आजच्या पेट्रोलातही बसत नाही.

उपाय मात्र अवघड नाही, आणि तो शंभर वर्षे जुना आहे. अमालचा १५० चा जेट असेल, तर १६० चा घालावा. सुई एक खाच वर घ्यावी. पायलट शेवटी जुळवावा. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे माप तसेच ठेवावे. अडचण जेट मिळण्याची आहे. अस्सल आकड्यांचे जेट दुर्मिळ झाले, म्हणून काही ठिकाणी तार किंवा बारीक ड्रिल फिरवून भोक मोठे करतात. भोकाचा व्यास चार टक्क्यांनी वाढला, की क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढते. चार टक्के म्हणजे एका मिलिमीटरच्या भोकात केसाच्या जाडीहूनही कमी. तारेने एवढे माप साधणारा हात विरळा. ज्यांच्या खणात तेलकट डबीत जुने जेट आकड्यांनिशी जपून ठेवलेले आहेत, अशा मिस्त्र्यांकडे म्हणून परतवाड्यापासून मूर्तिजापूरपर्यंतचे लोक गाड्या घेऊन येतात.

आणि ती हँडलवरची हवेची तरफ. चाळीस-पन्नास वर्षे ती निरुपयोगी समजून पुष्कळांनी काढून टाकली, केबल तोडली, त्या जागी आरसा बसवला. ज्यांच्या गाडीवर ती उरली आहे, त्यांना थंडीतल्या सकाळी जेट बदलावा लागत नाही. अंगठ्याने तरफ किंचित ओढली, की घशातली हवा थोडी अडते, मिश्रण दाट होते आणि शिंका थांबतात. ऊन चढले, की ती पुन्हा मोकळी करायची.